साहेबाला किती गुण?

मंडळी, या पानावर आपण पगार, ४०१(के) आणि कोलेस्टेरॉलवर बोलतो. साहेबावर मात्र फक्त पॉटलकमध्ये! गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात एक प्रश्नावली फिरली. रॉचेस्टर विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांच्या विचारांतून ती आली. प्रश्न १५, छोट्या आवृत्तीत ६. साहेब निवडीला वाव देतात का? माझी बाजू ऐकून घेतात का? प्रश्न विचारू देतात का? प्रत्येकाला १ ते ७ गुण, मग सरासरी. एक प्रश्न उलटा: साहेबांचं बोलणं मला खटकतं. त्याचे गुण ८ मधून वजा करून धरायचे. साहेब स्वतःला काय समजतो याला इथे किंमत नाही, हाताखालच्यांना काय वाटतं तेच मोजायचं.

इथे साहेब मीच होतो. माणसं नऊ, कागदावर नावं नाहीत. मनात मी स्वतःला ६ दिले होते. आले ३.१, आणि सगळ्यात वाईट त्या उलट्या प्रश्नाला. आदल्या वर्षी दोन चांगली माणसं सोडून गेली, ती पगारासाठी असं मी सगळ्यांना सांगत होतो.

सौ. म्हणाली, "घरी वाटला असता कागद तर ३ सुद्धा मिळाले नसते!"

डेसी-रायन यांच्या १९८९ च्या अभ्यासात प्रशिक्षणानंतर साहेब लोक बदललेले दिसले, एवढाच धीर. हल्ली सोमवारच्या मीटिंगमध्ये "तुम्ही कसं कराल?" असं विचारून मी गप्प बसतो. ते गप्प बसणं फार जड जातं. पुढची प्रश्नावली ऑक्टोबरात आहे.