‘कट’ तोच, अर्थ वेगळा

नवेगाव बांधला आम्ही नात्यातल्या एका घरी मुक्कामाला होतो. घरधन्यांचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हते. तिखट घास लागला की डोळ्यांत पाणी यायचे. नववीतल्या मुलीने दवाखान्याची चिठ्ठी आमच्यापुढे धरली. तीवर इंग्रजीत लिहिले होते, ‘कट आउट खर्रा’.

“काका, कट म्हणजे कापणे, म्हणजेच कमी करणे ना? बाबांनी दहाचे चार खर्रे केले,” ती म्हणाली.

आम्ही चमकलो. पोरीने ‘कट’ पाहिला, पण त्याच्या मागचा शब्द सोडून दिला. इंग्रजीत सारी गंमत त्या मागच्या शब्दात असते.

‘कट डाउन’ म्हणजे झाड तोडून पाडणे. त्यालाच ‘ऑन’ जोडला की अर्थ होतो प्रमाण कमी करणे. ‘कट डाउन ऑन सॉल्ट’ म्हणजे मीठ कमी खा. ‘कट आउट’ म्हणजे पार बंद. ‘कट ऑफ’ म्हणजे संबंध तोडणे. पुराने रस्ता बुडाला की गाव ‘कट ऑफ’ होते. मूळ क्रियापद मात्र तिन्ही काळांत ‘कट’च राहते.

यात परके काही नाही. आपणही धान कापतो, खर्चात कपात करतो आणि कोणाचे नाव यादीतून कापून टाकतो. धातू एकच, पण कामे तीन.

परीक्षेत ही चूक झाली तर एक गुण जातो. इथे प्रश्न जिवाचा होता. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेले मिश्रण. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होते, तोंड उघडेनासे होते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. चार खर्रे दहापेक्षा कमी खरे, पण ते औषध नव्हे.

आम्ही अर्थ सांगितला तेव्हा घरधनी बराच वेळ गप्प बसले. मग खिशातली पन्नी काढून त्यांनी चुलीत टाकली. पोरीने वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले : ‘कट आउट = बंद’. ते पान तिने आरशाशेजारी चिकटवले.

सवय एका दिवसात सुटत नाही, हे आम्ही जाणतो. मदतीसाठी १८००-११-२३५६ हा सरकारी फोन मोफत आहे. आणि आयाबहिणींनो, चिठ्ठी इंग्रजीत असेल तर लाजू नका. डॉक्टरांना तिथेच विचारा, “कमी करायचे की बंद करायचे?”