लग्नाच्या फोटोंचा रंग आणि फ्लॅशचा उपयोग

चिचगड व देवरी तालुक्यातील इतर गावांत लग्नाचे फोटो काढणाऱ्या आमच्या बांधवांसाठी आम्ही हा मजकूर देत आहोत. रात्रीच्या मंडपात बल्ब, हॅलोजन आणि ट्यूब एकत्र जळतात. त्यामुळे फोटो उजळ येऊनही दुल्हनचा दुपट्टा रंग बदलतो व चेहरे तांबूस होतात. अल्बम पाहून गिऱ्हाईक पैसे देताना हात आखडते, आणि निकाहाची घडी पुन्हा घेता येत नाही.

कारण साधे आहे. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. बल्ब सुमारे २,८००, हॅलोजन ३,२०० आणि फ्लॅश ५,५०० केल्विनच्या आसपास असतो. आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळा. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स 'ऑटो'वर ठेवला तर प्रत्येक फोटोत तो वेगळा अंदाज बांधतो. 'फ्लॅश'वर ठेवला तर चेहरे ठीक येतात, मात्र मागचा मंडप नारंगी राहतो. यावर उपाय म्हणजे फ्लॅशच्या तोंडाला नारंगी जिलेटिन लावून व्हाइट बॅलन्स 'टंगस्टन'वर नेणे. मग दोन्ही उजेड एका जातीचे होतात. जिलेटिन थोडा उजेड खाते, तेवढी फ्लॅशची ताकद वाढवावी. ट्यूबचा उजेड जास्त असेल तेथे हिरवट जिलेटिन व 'फ्लोरोसंट' चालते.

फ्लॅश वर वळवून छतावरून उजेड पाडण्याची रीत चांगली, पण छत पांढरे असेल तरच. हिरव्या किंवा लाल कनातीवरून परतलेला उजेड सगळ्या वऱ्हाडाला तोच रंग देतो. व्हाइट बॅलन्स स्वतः बसवायचा असल्यास करड्या रंगाचे कार्ड वापरावे. नीळ दिलेला रुमाल धरणारे पुष्कळ आहेत. त्याने हिशेब बिघडतो.

दुसरा उपयोग फोकसचा. अंधारात कॅमेऱ्याला फरक दिसत नाही म्हणून लेन्स पुढेमागे फिरत राहते. कॅननचे किंवा निकॉनचे अनेक फ्लॅश अशा वेळी समोर तांबड्या रेघांचा किरण टाकतात व फोकस पटकन बसतो. मात्र कॅमेरा एकदाच फोकस धरणाऱ्या पद्धतीवर हवा (कॅननमध्ये 'वन शॉट', निकॉनमध्ये 'एएफ-एस') आणि मधला बिंदू निवडावा. सतत फोकसच्या पद्धतीत किरण बहुधा पेटतच नाही. कित्येक मॉडेलांत फ्लॅश न उडवता फक्त किरण चालू ठेवता येतो. कुबूल म्हणतानाच्या शांत घडीला ही सोय फार उपयोगी.

नवा मिररलेस कॅमेरा घेणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांना जुन्या फ्लॅशचा तांबडा किरण उपयोगी पडत नाही. सौदा करण्यापूर्वी दुकानातच दिवे मालवून, दहा फुटांवर काळी शेरवानी टांगून फोकस बसतो का, ते पाहून घ्यावे.