नवोद्योगातील तंत्रप्रमुख : एका पदाची जडणघडण

केंद्र शासनाची ‘स्टार्टअप इंडिया’ योजना १६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झाली आणि महाराष्ट्र शासनाने २०१८ साली आपले नावीन्यपूर्ण स्टार्टअप धोरण स्वीकारले. तेव्हापासून हा शब्द जिल्हा कचेरीपासून शाळेच्या वर्गापर्यंत रूढ झाला आहे. भांडवल, जागा, करसवलती यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु अशा नवोद्योगात तंत्रज्ञानाची धुरा ज्याच्या खांद्यावर असते त्या तंत्रप्रमुखाची जडणघडण कशी होते, याचा विचार क्वचितच केला जातो. या पदाचे खरे शिक्षण बहुधा पदावर बसल्यानंतरच सुरू होते.

प्रारंभी उद्योगात चार-पाच माणसे असतात. तंत्रप्रमुख स्वतःच संगणकाच्या आज्ञावली लिहितो, यंत्र बिघडले तर रात्री उठून दुरुस्त करतो आणि ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरेही देतो. उद्योग वाढू लागला की या कामांतून त्याला हात काढून घ्यावा लागतो. माणसे पारखणे, कामाची वाटणी करणे, कोणते काम हाती घ्यावयाचे नाही हे ठरविणे, यांतच त्याचा दिवस जातो. उत्तम शिक्षक मुख्याध्यापक झाला की खडू हातातून सुटतो आणि तो सुटल्याची हुरहूर त्याला लागून राहते, तसाच काहीसा हा प्रकार होय.

अमेरिकेतील गूगल कंपनीच्या प्रारंभीच्या वर्षांत हे शिक्षण कसे घडले ते पाहण्यासारखे आहे. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली ही कंपनी स्थापन केली. पुढील वर्षी उर्स होल्झले हे मूळचे स्वित्झर्लंडचे प्राध्यापक सान्ता बार्बरा येथील विद्यापीठातून तेथे आले. पहिल्या दहा कर्मचाऱ्यांत त्यांची गणना होते आणि अभियांत्रिकी विभागाचे पहिले उपाध्यक्ष तेच झाले. अध्यापन व संशोधन करणाऱ्या माणसाला एकाएकी कारखानदाराचे व्यवहार पाहावे लागले.

पैसा बेताचा होता, म्हणून महागडी यंत्रे घेण्याऐवजी बाजारात मिळणारे स्वस्त सुटे भाग जुळवून संगणक तयार करण्यात आले. त्यांना पेटीदेखील नव्हती. बुचाच्या लाकडाचा थर दिलेल्या तबकांवर विद्युत्‌मंडलांच्या पाट्या मांडलेल्या असत. १९९९ सालची अशी एक मांडणी कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील संगणक इतिहास संग्रहालयात जतन करण्यात आली आहे. अशी यंत्रे वारंवार बंद पडणार, हे उघडच होते. तेव्हा यंत्र बिघडणारच असे गृहीत धरून, एकाच माहितीच्या अनेक प्रती निरनिराळ्या यंत्रांवर ठेवण्याची पद्धत पुढे विकसित झाली. २००३ साली कंपनीच्या अभियंत्यांनी ती एका शोधनिबंधाद्वारे प्रसिद्ध केली. सामान्यतः तीन प्रती ठेवल्या जात. त्यामुळे एखादे यंत्र बंद पडले तरी काम अडत नसे.

यंत्रांच्या बाबतीत उमगलेले हे तत्त्व माणसांना लावावयास मात्र वेळ लागला. २००१-०२ च्या सुमारास पेज आणि ब्रिन यांनी अभियंत्यांवरील मधले व्यवस्थापकच काढून टाकले. बुद्धिमान अभियंत्यांना देखरेखीची गरज नाही, अशी त्यांची धारणा होती. परिणाम असा झाला, की खर्चाच्या पावत्यांपासून आपसांतील कुरबुरींपर्यंत प्रत्येक प्रश्न थेट पेज यांच्या टेबलावर येऊ लागला. काही महिन्यांतच व्यवस्थापक परत आणावे लागले. ज्या कार्यालयात प्रत्येक फाइल एकाच सहीसाठी थांबते, तेथील अनुभव याहून फारसा निराळा नसतो!

संख्या वाढली की अडचण का वाढते, याचे गणित फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ सालच्या आपल्या पुस्तकात मांडले होते. आय.बी.एम. कंपनीच्या ‘सिस्टिम ३६०’ या संगणकाच्या मोठ्या आज्ञावलीचे काम त्यांनी सांभाळले होते. पाच माणसांत परस्पर संपर्काच्या जोड्या दहा होतात. पन्नास माणसांत त्या १,२२५ होतात. म्हणूनच रखडलेल्या कामावर आणखी माणसे लावली तर ते अधिकच रखडते, असा त्यांचा निष्कर्ष होता. नव्या माणसाला काम समजावून देण्यात जुन्याचा वेळ जातो, हेही त्याचे एक कारण होय. भरतीची घाई करणाऱ्या तंत्रप्रमुखाने हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे. दुर्दैवाने भांडवल हाती आले की पहिली घाई भरतीचीच होते.

चांगला व्यवस्थापक कोणता, याचा शोध गूगलने २००९ च्या सुमारास स्वतःच घेतला. कर्मचाऱ्यांची मते व कामाचे मूल्यमापन तपासून आठ गुण निश्चित करण्यात आले. सहकाऱ्यांना घडविण्याची हातोटी पहिली ठरली. त्यांच्या प्रत्येक बारीकसारीक कामात ढवळाढवळ न करणे दुसरे. तांत्रिक ज्ञानाला त्या यादीत शेवटचे स्थान मिळाले. अभियंत्यांच्या कंपनीत हा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित वाटला. तथापि याचा अर्थ ज्ञान अनावश्यक आहे असा नव्हे. होल्झले यांना यंत्रांची आतून ओळख नसती, तर स्वस्त यंत्रांवर भिस्त ठेवण्याचे धाडस कोणी केलेच नसते.

होल्झले यांनी कंपनीची तांत्रिक पायाभूत व्यवस्था पुढे दीर्घकाळ सांभाळली. २०२३ साली, सुमारे चोवीस वर्षांच्या सेवेनंतर, त्यांनी व्यवस्थापनाची जबाबदारी खाली ठेवली आणि त्याच कंपनीत हाताखाली माणसे नसलेल्या तंत्रज्ञाच्या कामाकडे ते वळले.