यंत्र चालू, डिस्क बाहेर

धर्मापुरीचा एखादा शेतकरी मोटारसायकलवरून पडला आणि डोक्याला मार लागला, तर त्याला पुढच्या उपचारांसाठी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाची वाट धरावी लागते. अशा रुग्णाचा सीटी स्कॅन होतो. मेंदूत रक्तस्राव थोडाच असेल तर डॉक्टर लगेच शस्त्रक्रिया करत नाहीत. काही तासांनी पुन्हा स्कॅन करतात आणि दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी ठेवून पाहतात. गाठ वाढली की तेवढीच आहे, यावर पुढचा निर्णय ठरतो.

पूर्वी त्यासाठी फिल्म उजेडावर धरली जायची. आता बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत त्या प्रतिमा सर्व्हरवर असतात. सीटीचा एक काप ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचा, म्हणजे साधारण अर्धा मेगाबाइट. एका रुग्णाचे तीनशे काप झाले की दीडशे मेगाबाइट. शिवाय दाखल रुग्णाची कागदपत्रे किमान तीन वर्षे जपायची आणि मागितल्यास ७२ तासांत द्यायची, असे वैद्यक परिषदेचे २००२ चे नियम सांगतात. हा सगळा साठा शेवटी काही डिस्कवर असतो, आणि डिस्क बिघडतात.

किती बिघडतात? कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. कंपन्यांच्या माहितीपत्रकांचा हिशेब धरला तर वर्षाला शंभरातली एकही डिस्क जायला नको होती. प्रत्यक्षात दोन ते चार बदलाव्या लागत होत्या, काही ठिकाणी तेरापर्यंत. औषधाच्या पाकिटावरचे दुष्परिणाम आणि वॉर्डात दिसणारे दुष्परिणाम यांत असते तसेच हे अंतर.

याच गिब्सन यांनी १९८८ मध्ये डेव्हिड पॅटरसन आणि रँडी कॅट्झ यांच्यासह बर्कलीत ‘रेड’ची कल्पना मांडली होती. तीन आकडे आणि त्यांची बेरीज लिहून ठेवली, तर एक आकडा पुसला गेला तरी उरलेल्यांवरून तो काढता येतो. अनेक डिस्कवर माहिती अशा हिशेबाने पसरली की एक डिस्क गेली तरी काम चालू राहते. पण मेलेली डिस्क कधीतरी बदलावी लागतेच. त्यासाठी सर्व्हर बंद करायचा असेल, तर चोवीस तास चालणाऱ्या अपघात विभागात तो नक्की किती वाजता बंद करायचा?

म्हणून ‘हॉट-स्वॅप’ हवे, म्हणजे यंत्र चालू असतानाच डिस्क काढणे आणि घालणे. विजेचा भाग तुलनेने सोपा आहे. साटा पद्धतीच्या जोडणीत धातूच्या पट्ट्या मुद्दाम कमी-जास्त लांबीच्या ठेवलेल्या असतात. आधी ग्राउंडची पट्टी टेकते, मग विजेच्या. त्यामुळे ठिणगी आणि विजेचा झटका टळतो. पण ओढता येणारी खण असलेली पेटी घेतली की काम झाले, हा खरेदी करणाऱ्यांचा नेहमीचा गैरसमज. खरी परीक्षा ऑपरेटिंग सिस्टिममधल्या ड्रायव्हरची असते. डिस्कशी प्रत्यक्ष बोलणारा हा छोटा प्रोग्रॅम.

जुने ड्रायव्हर अशा समजुतीवर लिहिलेले असत की यंत्र सुरू होताना दिसलेली डिस्क बंद होईपर्यंत तिथेच राहणार. ती मधेच नाहीशी झाली, तर ड्रायव्हर उत्तराची वाट पाहत बसे, पुन्हा विचारे, पुन्हा वाट पाही. त्याच्या मागे रांगेत असलेली कामेही अडकत. लिनक्समध्ये साटा डिस्कसाठी ही सोय नीट आली ती २००६ मध्ये, २.६.१८ या आवृत्तीत. टेजुन हेओ या प्रोग्रॅमरने ‘लिबएटीए’ या ड्रायव्हरसमूहातली चुका हाताळण्याची पद्धतच नव्याने लिहिली, आणि हॉट-स्वॅप त्या कामातूनच उभे राहिले. हे स्वाभाविक आहे. डिस्क काढली जाणे ही ड्रायव्हरच्या दृष्टीने एक चूकच. फक्त ती मुद्दाम केलेली असते.

डिस्क ओढली की तारेवरचा संकेत तुटतो आणि ड्रायव्हरला सूचना मिळते. त्याने नवी कामे थांबवायची, अर्धवट कामे ‘झाली नाहीत’ असे सांगून परत पाठवायची आणि रेडला कळवायचे की ही डिस्क गेली. वाईट बातमी लवकर आणि स्पष्ट सांगणे, एवढेच त्याचे काम; पुढचे रेड पाहून घेते. नवी डिस्क आत सरकते तेव्हा संपर्क क्षणभर लागतो-तुटतो. म्हणून ड्रायव्हर साधारण अर्धा सेकंद संकेत स्थिर होण्याची वाट पाहतो, मग डिस्कला तिचे नाव, अनुक्रमांक आणि क्षमता विचारतो. जुन्या डिस्कचा वापर एखादा प्रोग्रॅम अजून धरून बसला असेल, तर नवीला तेच नाव मिळत नाही. वॉर्डातही डिस्चार्जचे कागद पुरे झाल्याशिवाय खाट नव्या रुग्णाच्या नावावर चढत नाही.

सर्वात धोक्याची पायरी मात्र माणसाच्या हातात असते: चुकीची डिस्क ओढणे. एक आधीच मेलेली, त्यात दुसरी निरोगी डिस्क बाहेर आली, की साध्या रेडचा हिशेब जुळत नाही. शस्त्रक्रियागृहात चुकीच्या बाजूवर सुरी चालू नये म्हणून आधी खूण करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या तपासणी यादीतही ती बाब आहे. इथेही तसेच. पडद्यावरचा अनुक्रमांक आणि खणावर चिकटवलेला अनुक्रमांक दोघांनी मोठ्याने वाचायचा, खणाचा दिवा लावून खात्री करायची आणि मगच हात घालायचा. रक्ताची पिशवी लावण्यापूर्वी असेच करतात.

डिस्क बदलली तरी काम संपत नाही. चार टेराबाइटची डिस्क सेकंदाला दीडशे मेगाबाइट वेगाने भरली, तरी साडेसात तास लागतात. रुग्णालयाचे रोजचे काम सोबत चालू असेल तर आणखी. त्या वेळात दुसरी डिस्क गेली तर साध्या रेडकडे उत्तर नाही. म्हणून मोठ्या साठ्याला दोन डिस्क जाण्याची सोय असलेला प्रकार घेतात, आणि वेगळ्या इमारतीत वेगळी प्रत ठेवतात. चुकून पुसलेली फाइल रेड सर्व डिस्कवरून तितक्याच तत्परतेने पुसतो.

नवा सर्व्हर ताब्यात घेताना रुग्णालयाने एक साधी चाचणी मागावी. खऱ्या रुग्णांची माहिती चढवण्यापूर्वी, नमुन्याचा स्कॅन पडद्यावर उघडा ठेवून, कंपनीच्या अभियंत्याने सर्वांसमोर एक डिस्क ओढून काढावी. काप पुढे सरकत राहतात का, इशारा कोणाच्या मोबाइलवर येतो आणि किती वेळाने, हे वहीत लिहावे. मग तीच डिस्क परत न घालता कोरी घालायला सांगावी.