पवळाबाईंचे पूर्ण नाव काय?

पठ्ठे बापूराव हे नाव महाराष्ट्रात कुणाला सांगावे लागत नाही. मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६, गाव रेठरे हरणाक्ष. ब्राह्मण असून तमाशात गेले म्हणून त्यांच्या त्यागाचे पोवाडे झाले, १९५० साली चित्रपटही निघाला. पण ज्या कलावतीमुळे त्यांचा फड गाजला, तिचे पूर्ण नाव किती जणांना ठाऊक आहे?

पवळाबाई तबाजी भालेराव हिवरगावकर. जन्म १८७०, मृत्यू १९३९. संगमनेर तालुक्यातील हिवरगावच्या महार कुटुंबातील लेक. तमाशात बाईचे सोंग पुरुष नाच्या घेत असे, त्या काळात फडावर उभे राहून नाव कमावणाऱ्या सुरुवातीच्या स्त्रियांपैकी त्या एक.

बापूराव तमाशात गेले, तर म्हणे त्यांनी जात सोडली! पवळाबाई तमाशात आल्या, तर म्हणे त्यांनी जातीचेच काम केले! फड एक, रात्र एक, प्रेक्षकही तेच. मग त्यांचा त्याग आणि हिचा धंदा, हा न्याय कुठला?

हा न्याय केवळ आपल्याकडचा नाही. ज्या अमेरिकेतील गुलाममुक्तीच्या कार्यकर्त्यांना जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली, त्याच अमेरिकेत एलिझाबेथ टेलर ग्रीनफिल्ड ही गायिका होऊन गेली. मिसिसिपी राज्यात गुलामीत जन्मलेली. १८५३ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन हॉलमध्ये ती हजारो गोऱ्या श्रोत्यांपुढे गायली आणि त्याच हॉलमध्ये काळ्या माणसांना प्रवेशबंदी होती! फ्रेडरिक डग्लस यांनी तिच्यावर टीका केली. तिने समाजबांधवांची क्षमा मागितली आणि वृद्ध व अनाथांच्या मदतीसाठी गायली. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या राणीपुढे तिचे गायन झाले. गळा हवा, पण त्या गळ्याची माणसे नकोत, ही व्यवस्थेची रीत दोन्हीकडे सारखीच.

१९२७ साली बापूरावांनी महाडच्या लढ्यासाठी तमाशाचे उत्पन्न देऊ केले. बाबासाहेबांनी ते नाकारले. याचा अर्थ काही जण 'पवळाबाई हीन होत्या' असा लावतात. तो साफ चुकीचा आहे. समाजाच्या लेकींना फडावर उभे करून मिळालेल्या पैशावर समाजाचा स्वाभिमान उभा राहणार नाही, हा त्या नकाराचा अर्थ. नकार धंद्याला होता, माणसाला नव्हे.

कोर्टात दोन्ही बाजूंना म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय निकाल देता येत नाही. पवळाबाईंच्या खटल्यात मात्र समाजाने आधी निकाल दिला; त्यांची बाजू कुणी विचारली? डॉ. शैलजा पाईक यांनी २०२२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातील दलित स्त्रियांचा इतिहास मांडला आणि पवळाबाईंना त्यात स्वतंत्र स्थान दिले. हे काम मराठीत कोण करणार?

नागसेनवनातील विद्यार्थ्यांनी हा विषय हाती घ्यावा. आणि आपण निदान एवढे करावे: 'बापूरावांची पवळा' म्हणणे थांबवावे. त्या कुणाच्या नव्हत्या, त्या स्वतः कलावंत होत्या.