जावा, जाऊबाई आणि मयत खातेदार

'जिवंत सातबारा' मोहिमेच्या बातम्या वाचून झाल्याच असतील. आधी बुलढाण्यात आणि मग १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायचं काम निघालं. कोकणातल्या तळा गावचा एखादा मुंबईकर चार गुंठ्यांचा उतारा काढतो आणि वर पणजोबा तसेच बसलेले दिसतात. तो तलाठ्यावर चिडतो. मला मात्र तिथे जावा दिसते. नात्यातली नव्हे, १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सने आणलेली संगणकाची भाषा.

जावात एक वस्तू दुसरीला पोटात ठेवत नाही, नुसता तिचा पत्ता जवळ बाळगते. सातबाराही तेच करतो. नावाशेजारचा फेरफार क्रमांक तुम्हाला गाव नमुना सहाकडे धाडतो, खाते क्रमांक आठ-अ कडे, आणि तिथून त्याच माणसाच्या गावातल्या बाकीच्या जमिनी सापडतात. ही वाट जावात अशी लिहितात: सातबारा.खातेदार().वारस().नाव(). देवनागरी नावं जावाला खरोखरच चालतात! त्यातलं टिंब म्हणजे आपली षष्ठी: सातबाऱ्याच्या खातेदाराच्या वारसाचं नाव. वारसाची जागा रिकामी, म्हणजे 'नल' असेल, तर पुढच्या टिंबाला प्रोग्राम कोसळतो. १९६५ साली हा नल आणणाऱ्या टोनी होअर यांनीच पुढे त्याला अब्ज डॉलरची चूक म्हटलं.

पण पणजोबा जातात का नाहीत? जावात स्मृती साफ करणारा एक कचरेवाला असतो. वस्तू कामाची आहे की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. चालू प्रोग्राममधून पत्ते धरत तिच्यापर्यंत पोचता आलं की त्याच्या लेखी ती जिवंत. उतारा पणजोबांकडे बोट दाखवतो आहे तोवर पणजोबाही जिवंतच. वारस जन्मले, वाढले, भांडले तरी जुना पत्ता बदलल्याशिवाय काही हलत नाही. म्हणून ही मोहीम मला पटते.

धास्ती वेगळीच आहे. खातेदाराला वारस एक नसतो, यादी असते. यादीच नसेल तर प्रोग्राम बोंब तरी मारतो. यादीतून एक नाव गळलं तर चकार शब्द काढत नाही. कोकणात गळतात ती बहुधा आत्यांची आणि बहिणींची. गणपतीला गावी याल तेव्हा मृत्यूचा दाखला बरोबर आणा, आणि अर्जावर सही करण्याआधी सासरी गेलेल्या मुलींची नावं मोजा.