परसातली विजेवरची करवत

वादळात मोडून पडलेल्या आंब्याच्या फांद्या, वाळलेला शेवगा, चुलीसाठी तोडायचे ओंडके. घराभोवतीच्या वाडीत चेनसॉ लागते ती बहुतेक अशाच कामांना, तीही वर्षातून मोजक्या वेळा. एवढ्यासाठी पेट्रोलचा कटर बाळगणं जिकिरीचं जातं. ऑइल मोजून मिसळायचं, आणि टाकीत जुनं पेट्रोल राहिलं की कार्बुरेटर तुंबतो. विजेवरच्या करवतीला हा व्याप नाही.

दुकानात विक्रेता वॅटचे आकडे सांगतो. आपण आधी घरातला प्लग पाहावा. दोन हजार वॅटची करवत २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढते. तिला १६ अँपिअरचा पॉइंट हवा. टीव्ही-पंख्याचा ६ अँपिअरचा चालणार नाही. परसाच्या टोकापर्यंत वायर न्यायची तर तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी. बारीक आणि लांब वायरीत व्होल्टेज पडतं, मोटर मंदावते, तिला थंड करणारा पंखाही मंदावतो आणि ती तापून जळते. गावाकडे संध्याकाळी दाब आधीच कमी असतो, तेव्हा तर हे हमखास घडतं. वायर गुंडाळी पूर्ण उलगडून वापरावी. गुंडाळीत साठणारी उष्णता वरचं आवरण वितळवते. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर करवतीआधी तो बसवून घ्यावा. ओल्या अंगणात वायर कापली गेली, तर वीज तोडणारा तोच.

बॅटरीच्या करवतीचा हिशेब सोपा आहे. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२ वॅट-अवर. एवढ्या साठ्यावर दोन हजार वॅटची मोटर जेमतेम दोन मिनिटं चालेल. म्हणून या करवती कमी ताकदीच्या असतात आणि मनगटाएवढ्या फांद्यांना उत्तम असतात. (पेटीवर ‘२० व्होल्ट’ लिहिलेली बॅटरी बहुतेकदा हीच १८ व्होल्टची असते, तो आकडा पूर्ण चार्ज असतानाचा.) ओंडके कापायचे असतील तर माझा कौल वायरवाल्या, १४ ते १६ इंची पात्याच्या करवतीला.

आता साखळी. सारं काम तीच करते. अमेरिकेतले लाकूडतोडे जोसेफ कॉक्स यांनी १९४० च्या दशकात लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे निरखून या साखळीचा दात घडवला. अळी डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी लाकूड खाते. साखळीतही एक दात डावा, एक उजवा. प्रत्येक दाताच्या पुढचा बुटका उंचवटा किती खोल शिरायचं ते ठरवतो आणि मागची धार ढलपी काढते. धार शाबूत असेल तर ढलप्या उडतात आणि करवत स्वतःच्या वजनानं उतरते. पिठासारखा भुसा पडू लागला, दाबावं लागलं, की थांबावं. बहुतेक घरगुती साखळ्यांना ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. नेमकं माप पुस्तिकेत असतं. कानस आतून बाहेर, एकाच दिशेनं, प्रत्येक दाताला सारखेच हात. माडाचं जून लाकूड धार फार लवकर घालवतं आणि मातीला झालेला एक ओझरता स्पर्शही पुरतो. म्हणून जमिनीवरच्या ओंडक्याखाली आधी दुसरं लाकूड सरकवावं.

साखळी हातानं सहज फिरावी, पण पात्याखाली लोंबू नये. नवी साखळी पहिल्या कामातच सैल पडते. गार झाल्यावर ताणावी. साखळीला तेल पोचतंय का हे पाहायला करवत पुठ्ठ्यासमोर धरून चालवावी, तेलाचे शिंतोडे दिसले पाहिजेत.

सर्वांत मोठा धोका पात्याच्या टोकाला, त्याच्या वरच्या अर्ध्या भागात आहे. तिथले दात लाकडाला लागले की करवत क्षणात वर, आपल्या तोंडाकडे उसळते. हँडलपुढच्या गार्डावर मनगट आदळलं की ब्रेक लागतो, पण त्यासाठी डावा अंगठा हँडलभोवती पक्का वळलेला हवा. खांद्याच्या वर किंवा शिडीवर उभं राहून करवत चालवू नये. तारांजवळची फांदी महावितरणला कळवावी, उंच झाडावर माहीतगार माणूस चढवावा.

दुसरा धोका लाकडातल्या ताणाचा. एका टोकाला टेकलेल्या, पुढे अधांतरी फांदीला वरून कापत गेलात तर ती मध्येच चिरते. आधी खालून एक तृतीयांश, मग वरून कापावी. दोन्ही टोकांना टेकलेली असेल तर उलट: आधी वरून एक तृतीयांश, मग खालून. हे चुकलं की लाकूड मिटतं आणि पातं अडकतं. अडकलेलं पातं ओढण्याआधी प्लग किंवा बॅटरी काढावी, कारण खटक्याला धक्का लागला तरी विजेची करवत लगेच फिरते. चष्मा, बूट, जाड पँट हवीच. लोंबणारी ओढणी किंवा उपरणं नको.

जिवंत झाडाला हात लावण्याआधी परवानगी पाहावी. महाराष्ट्रात शहरांमध्ये १९७५ च्या कायद्यानं वृक्ष प्राधिकरणाची लागते, स्वतःच्या अंगणातल्या झाडालाही. शहराबाहेर १९६४ च्या कायद्याच्या, परवानगी लागणाऱ्या झाडांच्या यादीत आंबा, फणस, चिंच, साग अशी झाडं आहेत.

काम झालं की बाजूचं झाकण उघडून तेलात भिजलेला भुसा ब्रशनं काढावा, नाहीतर तो सुकून तेलाचं भोक बुजवतो. ठेवलेल्या करवतीतून थोडं तेल झिरपतंच. खाली पुठ्ठा घालावा.